स्प्रिंगच्या गेड्या

अमरावती,
९ मार्च

प्रिय प्रणाली,

“उडी तं बकरीबी मारते, शालू. उतरून दाखव.” उत्तमराव सर मला हे म्हणाले तेव्हा मी नववीत होते. त्या दिवशी मी माझी तोवरची सगळ्यात लांब उडी मारली होती. पोरी टेप घेऊन धावत आल्या होत्या आणि मी वाळूत बसून शाबासकीची वाट पाहत होते. सरांनी टेपकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या टाचांनी वाळूत केलेले दोन खड्डे ते वाकून बघत राहिले, एक खोल, एक उथळ. मग ते वाक्य बोलून चहा प्यायला निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला होता की आठवडाभर मी त्यांना नमस्कार केला नाही. पुढे मी पीटीची बाई झाले आणि बावीस वर्षं तेच वाक्य पोरींना ऐकवत आले. तुला तर फार ऐकवलं. आज ते आठवायचं कारण म्हणजे तुझ्या सुगतमामाने आणून दिलेली एक पिशवी.

मंगळवारी दुपारी तो न सांगता अकोल्याहून आला. तुला मामाचा स्वभाव माहीत आहे. दारातून “जयभीम ताई, भूक लागली” असं ओरडत येतो, पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडतो. या वेळी आला तो खुर्चीत बसला आणि पिशवी मांडीवर धरून ठेवली. एसटीतसुद्धा त्याने ती वर ठेवली नव्हती म्हणे. पिशवीतून त्या दोन वस्तू निघाल्या. प्रत्येकीच्या मागे धनुष्यासारखी वाकलेली फायबरची पट्टी, वर पाऊल बांधायची जागा, गुडघ्याखाली आवळायचा पट्टा, आणि खाली जमिनीला टेकायला रबराचा एक छोटा खूर. हे पायाला बांधून माणूस माणसाच्या डोक्यावरून उडी मारतो, असं तो म्हणाला. अकोल्याची एक शाळा आठवीच्या मुलींसाठी वीस जोड घेणार आहे, पण त्यांना कोणा जाणकाराचा कागद हवा आहे. “तू तपासून दे, ताई. तुझा शब्द चालते.” हे बोलताना तो माझ्याकडे नाही, पंख्याकडे पाहत होता. खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा माणूस, वीस वर्षांत त्याने माझा शब्द कधी मागितला नाही. क्रिकेटच्या बॅटा, कॅरम, डंबेल्स सगळं स्वतःच्या जिवावर विकलं. मग आताच काहून?

तो गेल्यावर संशय वाढला त्याला आणखी एक कारण होतं. आम्ही लहान असताना अचलपूरजवळच्या आमच्या गावात चिखल झाला की सगळी पोरं गेड्यांवर चालायची. बांबूच्या दोन काठ्या, त्यांना पाय ठेवायला आडवी खुंटी, बस. माझ्या गेड्या सुगत करायचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण खुंटी बांधून झाली की आधी स्वतः चढायचा, गावविहिरीपर्यंत जाऊन यायचा, मगच मला द्यायचा. एकदा खुंटी निसटून त्याची हनुवटी फुटली, ती खूण अजून आहे. मला त्याने कधी न तपासलेली गेडी दिली नाही. तो सुगत आज मला म्हणतो, तू तपासून दे. मला वाटलं, नक्की कोणाचा तरी खराब माल याच्या गळ्यात पडला आहे आणि तो माझ्या सहीने खपवायचा आहे. भावाबद्दल असा विचार करताना वाईट वाटलं, पण केला.

म्हणून मी त्या गेड्या चोराच्या मुद्देमालासारख्या तपासायला घेतल्या. पहिली गोष्ट पट्टीवरची चिठ्ठी. तिच्यावर लिहिलं होतं, पन्नास ते साठ किलो. आठवीच्या पोरी पस्तीस-चाळीस किलोंच्या असतात, एवढी जाड पट्टी त्यांच्याने वाकणारच नाही. हे सुगतला कळत नसेल? मग तुझ्या बाबांना हाताशी घेऊन एकेका गेडीवर तुरीचा पन्नास किलोंचा कट्टा टेकवला आणि पट्टी किती दबते ते टेपने मोजलं. उजवी दबली त्यापेक्षा डावी बोटभर जास्त दबली. कंदिलाच्या काचेसारखी पुसून पाहिली तेव्हा डाव्या पट्टीच्या खालच्या टोकाशी केसाएवढी पांढरी रेघ दिसली. फायबर थकलं की अशी रेघ येते. नव्या मालात ती असायचं कारण नाही. एक नट बदललेलाही होता, बाकी सगळे काळे आणि हा एकटा चकचकीत.

मग मी त्या बांधून पाहिल्या. हसू नकोस. अंगणातल्या पेरूच्या झाडाला धरून उभी राहिले आणि कळलं की यांच्यावर उभंच राहता येत नाही. सारखी पावलं टाकावी लागतात, थांबलं की तोल गेलाच. बाबा माझा हात धरून अंगणात माझ्याबरोबर गोल गोल फिरत होते आणि शेजारच्या शकुनबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. “काहो बाई, पेन्शनच्या आधी सर्कशीत लागल्या का?” त्या ओरडल्या. बाबा म्हणाले, “लागली, अन् मी जोकर.” मी तीन फेऱ्या मारून खाली बसले. पट्टे माझ्या पोटऱ्यांना आवळत होते. कोणा सडपातळ पायांवर ते महिनोनमहिने बसलेले होते, त्यांच्यावर पडलेल्या वळ्या स्पष्ट दिसत होत्या.

मी तावातावाने मामाला फोन लावला. म्हटलं, सुगत, हा माल वापरलेला आहे. तो म्हणाला, “असन.” मी म्हटलं, असन म्हणजे काय, कोणी वापरला? तो म्हणाला, “तू पीटीची बाई हायेस ना? तूच सांग.” आणि फोन ठेवला. माझ्या भावाने माझ्यावर फोन ठेवला, असं आजवर एकदाही झालेलं नाही.

प्रणाली, त्यानंतर मी ती गोष्ट केली जी मला आधीच करायला हवी होती. गेड्या उलट्या केल्या. बालवाडीपासून तुझा प्रत्येक बूट मी उलटा करून पाहिला आहे, तू त्यावरून किती चिडायचीस. “माय, ते बूट हाय, पत्रिका नाई,” असं तू सातवीत म्हणाली होतीस. तुझं डावं पाऊल किंचित आत वळतं, म्हणून तुझ्या डाव्या बुटाची आतली कड आधी झिजते, अंगठ्याच्या मुळाशी, चंद्रकोरीएवढी. डाव्या गेडीचा खूर मी उलटा केला. आतली कड. चंद्रकोर.

तरी मी स्वतःला म्हटलं, असे पाय काय एकट्या माझ्या पोरीचेच असतात? संशय घ्यायची सवय लागली की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मग रबराच्या खाचेत बारीक काटे रुतलेले सापडले. चिमट्याने काढून वर्तमानपत्रावर ठेवले तर करडईचे. तुझ्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तू गेल्या हिवाळ्यापासून करडईच्या प्रयोगाचं सांगतेस ना, त्याच्या बांधाची वाट माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि शेवटी उजवा पट्टा. त्याला कंपनीने पाडलेली भोकं आहेतच, पण त्यांच्या खाली दोन बोटांवर कोणीतरी तापल्या खिळ्याने आणखी एक भोक पाडलं आहे. पट्टा जिथे बसायला हवा तिथून दोन बोटं खाली बसावा म्हणून. त्या दोन बोटांत काय आहे ते मला कोणी सांगायला नको. तुझ्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने मी रोज त्या व्रणाला तेल लावलं आहे.

मी तिथेच अंगणात बसून राहिले. बाबांनी विचारलं तर म्हटलं, पाय भरून आले. आधी तुझा राग आला, मग मामाचा. तीन वर्षं तू मला फोनवर सांगतेस की उडी मारणं सोडलं, आता फक्त अभ्यास. मी तुझे स्पाइक्स वाटून टाकले तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मामाने तुला शब्द दिला असणार की आईला सांगणार नाही. त्याने तो पाळला. त्याने मला काहीच सांगितलं नाही, फक्त पिशवी आणून दिली. ती रेघ त्यालाही दिसली असणार. तुला थांब म्हणायची त्याची हिंमत झाली नसेल, आणि बहिणीपासून लपवायचीही. “दुकानात सर्व्हिसिंगला दे” असं सांगून त्याने त्या तुझ्याकडून घेतल्या असतील, असा माझा अंदाज आहे. खरं-खोटं तुम्हा मामा-भाचीला ठाऊक.

आता मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. निवड चाचणीच्या दिवशी तू पडलीस त्यानंतर मी सगळ्यांना सांगितलं की वाळू नीट उकरलेली नव्हती. मैदानावरच्या जानरावकाकांना त्यावरून खूप बोलणी खावी लागली. म्हातारा माणूस दोन्ही हात जोडून म्हणत होता, “बाई, तीनदा उकरली जी, आईची आन.” तू स्ट्रेचरवर होतीस, तू ऐकलं असशील. वाळू चांगली होती, प्रणाली. त्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेली असताना मी नेहमीसारखे तुझे बूट उलटे केले होते. पंधरा दिवसांत उजव्याची टाच जवळजवळ झिजलीच नव्हती. तू उजवा पाय वाचवून चालत होतीस. तुझा गुडघा दुखत होता आणि तू मला सांगत नव्हतीस, हे मला त्या बुटावर वाचता आलं होतं. वाचलं, आणि बूट सरळ करून ठेवले. दोन उड्यांनंतर तू माझ्याकडे पाहिलंस, आठवतं? तू काही विचारलं नव्हतंस, नुसतं पाहिलं होतंस. मी म्हटलं, “तिसरी मार.” निवडीला नऊ सेंटिमीटर कमी पडत होते.

जानरावकाकांकडे मी परवा जाऊन आले. ते आता मुलाकडे राहतात, नीट दिसत नाही. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पोरगी चालते ना बाई आता? मग झालं.” मी म्हटलं, चालते. तेव्हा मला माहीत होतं की तू त्याहून जास्त काही करतेस, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही.

तुझ्या गेड्या मी पास केलेल्या नाहीत. डावी पट्टी बदलल्याशिवाय त्या बांधायच्या नाहीत, आणि बदलायची तर दोन्ही बदलायच्या, एक नवी एक जुनी चालणार नाही. मामाला तसा कागद लिहून दिला आहे, सहीसकट, वीस जोडांच्या त्या नसलेल्या शाळेच्या नावाने. उजव्या पट्ट्याच्या भोकाला पितळी कडी बसवून घेतली आहे, नाहीतर ते फाटत गेलं असतं. डावीवर भार जास्त पडतो आहे, म्हणजे उजवा तू अजून थोडा वाचवतेस. पण उजव्या गेडीचा खूर मी चार वेळा पाहिला. त्याच्या कडा जशाच्या तशा आहेत. तो झिजला आहे तो मधोमध. नेमका मधोमध, बाळा. तो पाय जेव्हा टेकतेस, तेव्हा सरळ टेकतेस. उत्तमराव सर आज असते तर टेप न बघता तेही त्यावर वाकले असते.

हे पत्र मी पिशवीतच, पट्ट्याखाली ठेवते आहे, मामा ती तुला परत आणून देईल. फोनवर बोलले असते तर तू “हो आई, हो आई” करून ठेवून दिला असतास. गेल्या उन्हाळ्यात तू जाताना पायरीवर म्हणाली होतीस, “तू पाहून राहिली ना, तं मले माझे पाय माझे नाई वाटत.” तेव्हा मला ते समजलं नव्हतं. आता समजलं आहे, म्हणून पाहायला येऊ का असं विचारत नाही. मामा म्हणतो, नव्या पट्ट्या आठ दिवसांत येतील. त्यानंतरच्या रविवारी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून मी येते. करडईच्या बांधावर तुझ्याकडे पाठ करून बसते. एकदाही वळणार नाही, मामाला हवं तर माझ्यासमोर उभं कर. मला नुसतं तुझं उतरणं ऐकू दे. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे, आणि तसं म्हणायचा तुला हक्क आहे. तरी विचारते. येऊ?

तुझीच,
आई