पाच ठिकाणं, निवांत

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

या सीझनची नववी टूर संपवून घरी. किळस आली आहे.

सहा दिवसांत अकरा ठिकाणं. धबधब्यापाशी बारा मिनिटं दिली होती, त्यातली सात टॉयलेटच्या रांगेत गेली. बसमध्ये ओले मोजे आणि संत्र्याच्या साली यांचा मिळून एक वास असतो, तो अजून नाकातून जात नाही. सर्वांत वाईट म्हणजे मोजणी. दर थांब्यानंतर माणसं चढतात आणि मी प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोजतो. बोटाला तेल लागतं. ते मी पँटला पुसतो. बायकोने आज ती पँट चिमटीत धरून मशीनमध्ये टाकली.

पदवीला तत्त्वज्ञान घेतलेल्या माणसाने शिट्टी फुंकावी?

५ फेब्रुवारी

मालकांना स्पष्ट सांगितलं. टूर संथ हवी. ठिकाणं पाचच. प्रत्येक ठिकाणी दोन तास नुसतं बसायचं. माणसाला नावाने ओळखायचं. झेंडा, शिट्टी, मोजणी बंद.

मालक कॅलेंडर बघत ऐकत होते. मग म्हणाले, सतरा तारखेची टूर घेऊन जा, अठरा जण आहेत, कर तुझ्या मनासारखं. अभिप्रायाचे फॉर्म चांगले आले तर ही टूर ब्रोशरमध्ये आणि तू तिचा प्रमुख. नाही आले तर काउंटरवर बस.

काउंटर! ती काच! लोक तिला कपाळ टेकवून दर विचारतात. कपाळांचे डाग एकावर एक चढलेले असतात. कोणी पुसत नाही. त्या काचेमागे मी बसणार नाही.

६ फेब्रुवारी

मन खातंय. या अठरा जणांनी अकरा ठिकाणांचं बुकिंग केलं आहे. त्यांना न सांगता पाचच दाखवणं ही फसवणूक नाही का? बराच विचार केला. सर्वांना पत्र पाठवलं. पत्रात मूळ भूमिका मांडून बदलाचा उल्लेख चौथ्या पानावर केला आहे. आता मनाला टोचणी नाही.

९ फेब्रुवारी

प्रत्येकाला फोन करून सत्तावीस प्रश्न विचारतो आहे. वही केली आहे, माणशी दोन पानं.

एक काकू आहेत, एकट्याच येणार आहेत. त्यांना लहानपणी कोणता वास आवडायचा ते विचारलं. त्या म्हणाल्या, विमा काढायचा नाहीये मला. मग बोलत्या झाल्या. डावा गुडघा गेलेला आहे. म्हणाल्या, आता आले ती आले, पुन्हा मला कोण आणतंय, सगळं एकदा डोळ्यांखालून घालायचंय बाबा. वहीत लिहिलं: काकू – डावा गुडघा, घाई अजिबात नको.

एका निवृत्त हेडमास्तरांनी उलट मलाच विचारलं, एकूण ठिकाणं किती? मी म्हटलं, सर, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यांनी फोन ठेवला. विचारात पडले असावेत.

बायकोने वही चाळली. म्हणाली, अठरा जणांचे वाढदिवस लिहिलेत, माझा कधी असतो सांगा बघू. तो गेल्या गुरुवारी होता. मी टूरवर होतो, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

१७ फेब्रुवारी

पहिला दिवस, तलाव. गाडीवर नेहमीचाच ड्रायव्हर आहे, ज्याला सगळे मामा म्हणतात. मोजणी होणार नाही म्हटल्यावर मामा म्हणाले, साहेब, कोणी मागे राहिलं म्हणजे? मी म्हटलं, मामा, ही माणसं आहेत, सामान नव्हे. मामा म्हणाले, सामान राहिलं तर आरडाओरडा तरी करत नाही.

दुपारी तलावाकाठी सर्वांना बसवलं. नियम एकच सांगितला: जो बसला आहे त्याला कोणी उठवायचं नाही. स्वतः डोळे मिटून बसून दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, हे मी शाळेत शिक्षा म्हणून करायला लावायचो.

दोन तासांनी डोळे उघडले तर आसपास कोणी नाही! प्रत्येकाने आपापला कोपरा शोधला होता. नेमकं हेच हवं होतं. थोड्या वेळाने सगळे एकदम परत आले. चेहरे उजळलेले. हेडमास्तरांचे बूट भिजलेले होते. तलावात पाय सोडून बसले असतील. या वयात असा मोकळेपणा यायला संथपणाच लागतो.

तरी माणसांची घाण ती घाणच. बसमध्ये पुन्हा ओले मोजे. आज तर जास्तच.

१८ फेब्रुवारी

जुना पूल. आज बसणं दोन तास दहा मिनिटं. कंबर धरली.

परत आलेल्या मंडळींच्या गुडघ्यांना लाल माती. काकूंच्यासुद्धा! काकूंना विचारलं, जमिनीवर बसलात? त्या आमच्यातल्या एका तरुण जोडप्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, बसले की, चांगली मांडी घालून. गुडघ्यात फरक पडतोय. वहीत नोंद केली.

बसच्या बॉनेटला हात लागला, चटका बसला. उभ्या गाडीला एवढं ऊन लागतं? डिझेलही भराभर संपतंय. मालकांनी ही खटारा गाडी कधीच काढून टाकायला हवी होती.

१९ फेब्रुवारी

संग्रहालय. एकाच मडक्यासमोर बसायचं ठरवलं होतं. मी बसलो.

अहंकार नको, पण लिहून ठेवतो: जेवताना सगळे मामांभोवती असतात, हसतात, मोबाइल दाखवतात. मी जवळ गेलो की एकदम शांत होतात. शांततेची सवय लागते आहे. फक्त माझ्याच सहवासात लागते, हे विशेष.

मात्र त्यांच्या जेवणाकडे बघवत नाही. ढीग वाढून घेतात. नुसतं बसून इतकी भूक?

२० फेब्रुवारी

काच कारखाना. काकूंच्या पर्समधून फ्रिजला लावायचं मॅग्नेट पडलं. त्यावर दीपगृह. आपण न पाहिलेल्या जागेचं चित्र विकत घ्यायचं! वरवरच्या टुरिझमची ही खोल गेलेली घाण. काकूंना काही बोललो नाही. संस्कार जायला वेळ लागतो.

मालकांना मेसेज केला: प्रयोग अपेक्षेपेक्षा यशस्वी.

२१ फेब्रुवारी, रात्री सव्वाआठ

आज वनस्पती उद्यान, शेवटचं बसणं. मन इतकं लागलं की डोळे उघडले तेव्हा साडेतीन तास झाले होते. कोणी उठवलं नाही. नियम किती मुरला आहे!

पार्किंगमध्ये बस नव्हती.

मामांचा फोन लागेना. माझा मोबाइल बंद पडला. हॉटेल चाळीस किलोमीटर. अर्धा तास कचऱ्याच्या पिंपाशेजारी उभा होतो, कारण सावली तेवढीच होती. शेवटी दुसऱ्या एका कंपनीची बस निघत होती. तिच्या गाइडला हात जोडले. चाळीस माणसं, लाल टोप्या, शिट्टी, ओले मोजे. मला मागच्या सीटवर कोंबलं. मग तो गाइड बोट लावत मागे आला. माझ्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाला, एक्केचाळीस.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. आपण आहोत असं वाटलं. या गोष्टीची स्वतःलाच किळस येते आहे, म्हणून पुढे लिहीत नाही.

हॉटेलवर सगळे जेवत होते. मामा म्हणाले, अहो साहेब, तुम्ही बसला होतात, उठवायचं कसं? तुमचाच नियम. मी चढताना मोजले, अठरा भरले, निघालो. गाइडला मोजण्यात कोण धरतं? मग घास गिळून म्हणाले, आणि किल्ला पाच वाजता बंद होतो ना.

कोणता किल्ला, असं मी विचारलं.

टेबलावर सगळे खाली बघू लागले. हेडमास्तरांनी सांगितलं, शाळेत सांगतात तसं, बोटांवर मोजत. धबधबा, गुहा, घड्याळाचा मनोरा, बाजार, दीपगृह, किल्ला. म्हणाले, आपण बसलात की आम्ही निघत होतो. आपल्याला त्रास होऊ दिला नाही. काकू म्हणाल्या, रागावू नका हो, मला परत कोण आणणार होतं? या मामांनी मला गुहेत हात धरून नेलं.



२५ फेब्रुवारी

मालकांपुढे अठरा फॉर्म. अठरांवर 'उत्तम'. क्षणभर ऊर भरून आला. मग मालकांनी 'टूर मॅनेजरचं नाव' ही ओळ दाखवली. तेरा जणांनी 'मामा' लिहिलं आहे. चौघांनी रिकामी सोडली आहे. एकाने लिहिलं आहे: सोबत एक गृहस्थ होते, त्यांचा काही त्रास नाही.

मालक खूश आहेत. म्हणाले, तुझ्या बसण्याच्या वेळात अख्खी सहा ठिकाणं मावली! म्हणजे बसणंच काढलं तर सहा दिवसांत पंधरा आरामात. ब्रोशर छापायला टाकलं. मॅनेजर मामा.

मी विचारलं, आणि मी? मालकांनी मान काउंटरकडे वळवली.

संथपणाचा विचार अजून समाज पेलू शकत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, गुरुवारी बाहेर जेवायला जाऊ, आणि प्लीज, तिथे नुसतं बसू नका.

३ मार्च

काउंटर, दुसरा दिवस. काचेवर सकाळपासून नऊ कपाळं.

अकराच्या सुमारास काकू आल्या, बहिणीला घेऊन. पंधरा ठिकाणांचं बुकिंग करायचं म्हणाल्या. मामाच असतील ना, हे दोनदा विचारलं. बहिणीला सांगत होत्या, अगं, गेल्या वेळी एक गृहस्थ होते, बिचारे सारखे झोपायचे.

मी फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, डावा गुडघा कसा आहे आता?

काकू दचकल्या. माझ्याकडे निरखून बघितलं. म्हणाल्या, तुम्हाला हो कसं ठाऊक?

काच फार मळलेली आहे, त्यामुळे असेल. उद्या फडकं घेऊन जातो.