खजूरला लिफ्टने वर नेल्याबद्दलचा खुलासा

प्रति,
मा. प्रशासक,
अमृतवेल सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
संस्था कार्यालय, तळमजला,
गोखिवरे, वसई (पूर्व), जि. पालघर.

अर्जदार : आत्माराम हरिश्चंद्र चुरी, वय ६७, सदनिका क्र. ३०४.

विषय : अर्जदारास मिळालेल्या कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा, तसेच सदनिका क्र. ००२ च्या श्रीमती पॉलिन लोपीस यांना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) पाळीव प्राण्यांस लिफ्टमधून नेण्यास मनाई करणारे आपले परिपत्रक.
२) अर्जदाराचे दि. ८, १५ व २० जानेवारी २०२५ चे तीन अर्ज (पैकी एकासच उत्तर प्राप्त).
३) श्रीमती लोपीस यांना दिलेली दि. १० फेब्रुवारीची नोटीस.
४) अर्जदारास दिलेली दि. १९ फेब्रुवारीची नोटीस.

महोदय,

संदर्भ क्र. ४ अन्वये आपण अर्जदाराकडून तीन दिवसांत लेखी खुलासा व माफीनामा मागविला आहे. पैकी खुलासा पुढीलप्रमाणे. अर्जदाराचे उजवे मनगट प्लास्टरमध्ये असल्याने तो सांगत आहे व त्याची पत्नी सौ. सुभद्रा लिहून घेत आहे. अक्षर तिचे आहे. मजकुराची जबाबदारी अर्जदाराची.

१. खजूर हा अर्जदाराचा कुत्रा. वय सहा वर्षे, वजन सत्तावीस किलो. गेल्या नोव्हेंबरात राजोडीच्या किनाऱ्यावर चेंडूमागे धावताना तो एकदम वळला, केकाटला आणि मागचा उजवा पाय उचलूनच परत आला. गुडघ्यातील लिगामेंट पूर्ण तुटल्याचे निष्पन्न झाले. दि. ६ जानेवारी रोजी शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉ. क्षितिजा यांनी अर्जदारास व सौ. सुभद्रास समोर बसवून सांगितले, "ऑपरेशन मी केलं, पण पाय तुमच्या घरी बरा होणार आहे. बारा आठवडे जिना नाही, उडी नाही, गुळगुळीत फरशी नाही. एकदा जरी घसरला तरी आपण परत टेबलावर."

२. त्याप्रमाणे सर्व करण्यात आले. हॉलमधील सोफा आडवा पाडून कुंपण केले. फरशीवर रबरी चटया अंथरल्या. पहिले तीन दिवस रुमालात बर्फ बांधून गुडघा शेकला, नंतर कोमट पाण्याच्या पिशवीने. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. दिवसातून तीन वेळा पाय हलक्या हाताने पंधरा वेळा वाकवून सरळ करायचा, हे काम सौ. सुभद्राने एकदाही चुकविले नाही. तिने आपली गादीच हॉलमध्ये आणली. (हे वाक्य लिहिताना ती थांबली होती. ते तसेच ठेवावे, असे अर्जदाराने सांगितले.)

एकच गोष्ट जमेना. खजूरने पिल्लू असल्यापासून घरात कधी घाण केलेली नाही. वर्तमानपत्रे अंथरून पाहिली. त्याने त्यांच्याकडे पाहिले व तोंड फिरविले. चौदा तास तो थांबला; मग कण्हू लागला. त्याला रोज चार वेळा खाली नेण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आणि अर्जदार तिसऱ्या मजल्यावर राहतो.

३. दि. ७ जानेवारी रोजी संस्थेचे व्यवस्थापक श्री. सिद्धेश यांनी लिफ्टच्या दाराशी अडविले. ते म्हणाले, "काका, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. पण सरांची ऑर्डर आहे." फ्रिज, कपाट, गाद्या लिफ्टमधून जातात, याकडे अर्जदाराने लक्ष वेधले. त्यावर, "ते सामान आहे ना काका. सामानाचा फॉर्म आहे. याचा नाही," असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून अर्जदार व सौ. सुभद्रा जुन्या चादरीची झोळी करून, दोघे दोन बाजूंना धरून, चोपन्न पायऱ्या उतरू व चढू लागले. दिवसातून चार वेळा.

४. अर्जदार बत्तीस वर्षे एका निमसरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर होता. अपुरे अर्ज परत पाठविणे हे त्याचे कामच होते आणि ते तो चोख करीत असे. त्यामुळे अर्ज कसा करावा, हे त्याला ठाऊक होते. पहिल्या अर्जात त्याने बारा आठवड्यांपुरती सवलत मागितली. उत्तर नाही. दुसऱ्या अर्जास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. त्यास उत्तर आले : 'रुग्णांसाठीची सवलत केवळ संस्थेच्या रहिवाशांस लागू असून सदर श्वान रहिवासी नसल्याने विचार करता येत नाही.' तिसऱ्या अर्जात, मग या श्वानास रहिवासी म्हणून नोंदविण्याची कार्यपद्धती काय, अशी नम्र विचारणा केली. ती आजतागायत आपल्या फायलीत आहे. एक मंगळवार आड आपण कार्यालयात बसता. त्या प्रत्येक मंगळवारी अर्जदार बाहेरच्या बाकावर बसला आहे.

५. दि. २३ जानेवारी रोजी सकाळी, दुसऱ्या व पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर अर्जदाराचा पाय निसटला. तो पुढे होता, पाठमोरा उतरत होता. चादरीचे टोक सोडले असते तर कठडा धरता आला असता. त्याने ते सोडले नाही. खजूर त्याच्या छातीवर आला, पायास धक्का लागला नाही. अर्जदाराचे मनगट मात्र मोडले.

तळमजल्यावरील श्रीमती पॉलिन लोपीस आवाज ऐकून वर आल्या. त्या निवृत्त परिचारिका असून वय एकाहत्तर आहे, एकट्या राहतात. अर्जदार "कुत्र्याचा पाय बघा, कुत्र्याचा पाय बघा" असे म्हणत राहिला. त्या म्हणाल्या, "त्याचा पाय तुमच्यापेक्षा बरा आहे. गप्प बसा आणि हात द्या." त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी लावून ओढणीने हात गळ्यात बांधला. आणि रिक्षा येईपर्यंत ठरवूनही टाकले : "हा आता वर जाणार नाही. माझ्याकडे राहील. माझं मागचं दार सरळ अंगणात उघडतं, एक पायरी नाही."

त्या दिवसापासून खजूर सदनिका क्र. ००२ मध्ये आहे व त्याच्यासोबत सौ. सुभद्रा. अर्जदार वर एकटा. जेवायला खाली जाताना तो लिफ्टने जात असे. त्याच्या हाताला मनाई नव्हती.

६. तिथे तो सुधारला, हे नमूद करणे आवश्यक आहे. पोटाखालून टॉवेलचा आधार देऊन सौ. सुभद्रा त्याला अंगणात आधी पाच मिनिटे, मग दहा मिनिटे चालवू लागली. पाचव्या आठवड्यात त्याने तो पाय प्रथम जमिनीस टेकविला. पूर्ण पाय नव्हे, नुसती बोटे. दोघी बायका चहा गार होईपर्यंत त्या पायाकडे पाहत राहिल्या, असे अर्जदारास समजले. तो त्या वेळी आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर होता.

७. दि. १० फेब्रुवारीला आपण श्रीमती लोपीस यांना नोटीस दिली की, त्यांनी 'विनापरवाना अतिरिक्त रहिवासी' ठेवला असून सात दिवसांत त्यास हलवावे. महोदय, तिसऱ्या मजल्यावर हा कुत्रा रहिवासी नाही, म्हणून रुग्ण नाही, म्हणून लिफ्ट नाही. तळमजल्यावर मात्र तो रहिवासी आहे आणि तोही बेकायदा. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे. अर्जदाराने ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवून अनेकदा वाचली. आपल्या टेबलावरून त्यानेही आयुष्यभर अशीच पत्रे पाठविली असतील, या विचाराने त्याला त्या दिवशी जेवण गेले नाही.

पॉलिनबाईंनी ती नोटीस घरातल्या आल्तारावर, येशूच्या तसबिरीपुढे ठेवली होती. असा कागद त्यांना आयुष्यात प्रथमच आला होता. त्यांना धीर देण्याऐवजी अर्जदार म्हणाला, "नोटीस आहे, पाळावी लागेल. आम्ही त्याला हलवतो. तोवर माझ्या अर्जाचं उत्तर येईल." त्यावर त्या म्हणाल्या, "आत्मारामभाऊ, तुमचं उत्तर यायचं तेव्हा येईल. त्याचा पाय तोवर थांबणार आहे का?"

८. आता मूळ घटनेबाबत. दि. १७ फेब्रुवारीस सहा आठवड्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाल्या, "निम्मं काम झालं. आता एक जिना चढवलात तर निम्मं परत जाईल." त्याच दिवशी नोटिशीची मुदत संपली. दि. १८ रोजी, मंगळवारी, अर्जदार चौथा अर्ज घेऊन बाकावर बसला होता. आपण बैठकीत होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास सौ. सुभद्रा खजूरला टॉवेलच्या आधाराने घेऊन ००२ मधून बाहेर आली आणि तिने लिफ्टचे बटण दाबले.

श्री. सिद्धेश म्हणाले, "काकी, सर आत आहेत."

ती म्हणाली, "मग त्यांना सांग, आम्ही घरी चाललोय."

लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरील कु. रीमा होत्या. त्यांच्याच तक्रारीवरून आपण परिपत्रक काढले होते. त्या कोपऱ्यात सरकल्या, पण खजूरचा मागचा पाय सावकाश आत येईपर्यंत त्यांनी दार धरून ठेवले. "मला कुत्र्यांची भीती वाटते, म्हणून मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "याचं ऑपरेशन झालंय हे मला कोणी सांगितलंच नाही." मग सौ. सुभद्राने बाकाकडे पाहून विचारले, "येताय की बसताय?"

अर्जदार उठला व आत गेला. त्यास कोणीही ढकलले नाही, फसविले नाही. नोटिशीत 'अर्जदाराच्या चिथावणीवरून' असे म्हटले आहे, ते दुरुस्त करावे. चिथावणी देण्याचे धैर्य अर्जदारास त्या दिवसापर्यंत नव्हते.

९. तेव्हापासून खजूर रोज चार वेळा लिफ्टने खाली जातो व वर येतो. बारा आठवडे दि. ३१ मार्च रोजी पूर्ण होतील. त्यानंतरही तो लिफ्टनेच जाईल, कारण त्याचे वय वाढणार आहे, आमचेही. दार उघडण्यापूर्वी आत कोणी आहे का, हे विचारण्याची व कु. रीमा असल्यास पुढच्या फेरीपर्यंत थांबण्याची जबाबदारी अर्जदाराने घेतली आहे. हा परिच्छेद परवानगीसाठी नसून माहितीसाठी आहे.

विनंती एकच आहे. श्रीमती लोपीस यांची नोटीस लेखी मागे घ्यावी आणि ते पत्र आपण स्वतः त्यांच्या दारी नेऊन द्यावे. कार्यालयापासून त्यांचे दार अकरा पावलांवर आहे.

१०. माफीनाम्याबाबत. अर्जदाराने तो लिहविण्याचा प्रयत्न केला. तीन कागद झाले. चौथ्यावर त्याच्या लक्षात आले की माफी खरोखरच मागावयाची आहे, पण आपणाकडे नव्हे. ज्या बाईने त्याचा हात बांधला, त्याच्या कुत्र्याला घर दिले, तिच्यावर कागद आला तेव्हा त्याने तिची बाजू घेण्याऐवजी कागदाची घेतली. सबब तो माफीनामा तिच्या नावे लिहून काल सायंकाळी तिला समक्ष वाचून दाखविला आहे. तिने तो ठेवून घेतला. आपल्या नोटिशीची पूर्तता म्हणून त्याची प्रत सोबत जोडली आहे; ती आवक नोंदवहीत घ्यावी.

आपला आजवरचा नम्र,

(सही, डाव्या हाताने)
आत्माराम हरिश्चंद्र चुरी

लिहून घेणार : सौ. सुभद्रा आत्माराम चुरी (उजव्या हाताने)

दिनांक : २२ फेब्रुवारी २०२५
स्थळ : गोखिवरे

सोबत :
१) डॉ. क्षितिजा यांचे प्रमाणपत्र व १७ फेब्रुवारीचा तपासणी अहवाल.
२) अर्जदाराच्या मनगटाचा एक्स-रे.
३) आपली दोन पत्रे, शेजारी शेजारी ठेवून काढलेली एकच झेरॉक्स.
४) चौथा अर्ज, न दिलेला.
५) माफीनाम्याची प्रत. मूळ प्रत श्रीमती पॉलिन लोपीस यांच्याकडे.