साठीआधी झालेला लिम्फोमा ग्राह्य धरणेबाबत

प्रति,
मा. मंजुरी अधिकारी,
दुर्मिळ आजार औषध साहाय्य कक्ष,
दुसरा मजला, बंद लिफ्टच्या मागे.

विषय : ठरलेल्या वयाच्या आधीच आजारी पडल्याबद्दल, तसेच माझे औषध माझ्या ठणठणीत वडिलांच्या नावे मंजूर झाल्याबद्दल.

संदर्भ : आपल्या कक्षाचे नामंजुरीचे पत्र (माझ्या नावे) व मंजुरीचे पत्र (बाबांच्या नावे). दोन्ही एकाच पाकिटातून मिळाली.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौतीस, काम शाळेचे गणवेश बेतण्याचे, आपणांस सविनय कळविते की मला मँटल सेल लिम्फोमा नावाचा दुर्मिळ कर्करोग झाला आहे. मानेत आणि काखेत गाठी आहेत. त्या भराभर वाढत आहेत आणि औषध लगेच सुरू करावे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ते औषध आपल्या सहीशिवाय मिळत नाही.

१. हा आजार सर्वसाधारणपणे साठीच्या पुढे होतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो, असे डॉक्टर सांगतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की डॉक्टरांच्या पुस्तकातले 'सर्वसाधारणपणे' आपल्या कक्षाचा जिना चढताना दमून खालीच बसले असावे. आपल्या नियमावलीत फक्त 'पात्र वय : साठ व त्यापुढे' एवढेच पोचले आहे. त्यामुळे आजार असूनही मी त्यासाठी अपात्र ठरले.

२. खिडकीवरच्या बाई स्वभावाने भल्या आहेत. माझा घाम पाहून त्यांनी टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा लवकर आलात. साठी झाली की या, हातोहात करून देते." महोदय, साठीला यायला माझी ना नाही. मला यायचेच आहे. तिथवर पोचता यावे म्हणूनच तर औषध मागते आहे. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी पंखा परत स्वतःकडे वळवला.

३. त्यानंतर आपल्या उपअधिकाऱ्यांनी मार्ग सुचवला, की वय कमी असूनही आजार झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणावा. मी आणला. त्यात 'या वयात हा आजार क्वचितच आढळतो, परंतु सदर रुग्णास तो झालेला आहे' असे स्वच्छ लिहिले होते. त्यावर शेरा पडला : 'क्वचित आढळणारे प्रकार योजनेत बसत नाहीत.' आपल्या दारावर 'दुर्मिळ आजार' अशी पाटी आहे. आजार दुर्मिळ असावा, पण तो नेहमीच्याच माणसाला व्हावा, अशी कक्षाची अपेक्षा दिसते.

आमच्या दुकानातही मापे वयावरच ठेवलेली असतात. आठ वर्षांचे, दहा वर्षांचे, असे गठ्ठे असतात. पण आठव्या वर्षी दहाचे माप लागणारे पोर दरसाल येतेच. आम्ही शिवण उसवतो, बाही सोडतो. त्याला दोन वर्षांनी ये असे सांगितले तर त्याची आई आमचे दुकान डोक्यावर घेईल. मला आपले कार्यालय डोक्यावर घ्यायचे नव्हते, म्हणून मी पुढच्या वेळी बाबांना सोबत आणले. तिथेच घोटाळा झाला.

४. माझे वडील सहासष्ट वर्षांचे आहेत आणि घरे रंगवतात. अजून शिडीवर चढतात. मला जिना चढून धाप लागली, म्हणून मी बाकावर बसले आणि बाबा फाइल घेऊन खिडकीशी उभे राहिले. साठीच्या पुढचे वय, त्यात पुरुष, आणि हातात लिम्फोमाची फाइल! इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी सगळ्या रकान्यांत बसले, याचा बाईंना मनापासून आनंद झाला असावा. "काका, फाइल तुमचीच ना?" असे त्यांनी विचारले. बाबा "माझीच" म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. मुलीचे जे काही असेल ते सांभाळायची जबाबदारी आपलीच, अशी त्यांची जन्मभराची समजूत आहे. मग बाईंनी ओळखपत्र मागितले, बाबांनी स्वतःचे दिले, आणि मी बाकावरून उठेपर्यंत शिक्का बसला होता.

५. अशा रीतीने माझा आजार बाबांना मंजूर झाला. त्यांना रुग्णालयातून तपासणीसाठी बोलावणे आले. रक्त उत्तम निघाले. तो अहवाल आपल्या कक्षाकडे गेला, तेव्हा त्यावर 'प्रकृतीत समाधानकारक सुधारणा, उपचार लाभत आहेत' असा शेरा मिळाला. उपचार तोवर सुरूही झाले नव्हते.

६. नाव दुरुस्त करून घ्यायला आम्ही दोघे पुन्हा आलो. एकदा मंजूर झालेले औषध दुसऱ्याच्या नावे करायचे असेल, तर पहिला लाभार्थी बरा झाल्याचा किंवा वारल्याचा दाखला लागतो, असे कळले. बाबांना जो आजार झालाच नाही, तो बरा झाल्याचा दाखला कुठलाच डॉक्टर देईना. तेव्हा दुसरा दाखला किती दिवसांत मिळतो, असे बाबांनी खिडकीवर विचारले. बाई हसल्या. मीही हसले. ते चेष्टा करत नव्हते, हे मला नंतर जिन्यात समजले.

जिन्यात ते म्हणाले, "हे दुखणं माझ्या वयाचं होतं गं. मलाच हुडकत आलं असणार. मी कामावर होतो, दार तू उघडलंस." मी तिथेच पायरीवर बसून रडले. आपल्या शिपायाने वाट सोडून बसण्यास सांगितले, ते नियमाला धरूनच होते. मला मरायची भीती वाटते, महोदय. अर्जात असे लिहितात की नाही, ठाऊक नाही.

७. सध्याची परिस्थिती पुढीलप्रमाणे आहे. औषध रुग्णालयात येऊन पडले आहे. बाबांच्या नावे खाटही राखून ठेवली आहे. उद्या सकाळी सलाईन लागले नाही तर खाट दुसऱ्याला जाईल आणि औषध आपल्याकडे परत येईल. डॉक्टर म्हणतात, धडधाकट माणसाला हे औषध मी टोचणार नाही, आणि कागद दुरुस्त झाल्याशिवाय तुम्हाला टोचता येणार नाही.

म्हणून आज सकाळपासून बाबा त्या खाटेवर जाऊन बसले आहेत. लोक रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्यांनी स्वतःला टाकून माझी जागा धरली आहे. मनगटावर रुग्णाची पट्टी बांधून घेतली आहे. नर्स ताप बघायला आली की निमूट तोंड उघडतात. शेजारच्या खाटेवरचे आजोबा त्यांना धीर देत आहेत, आणि तोही ते मान डोलवून घेत आहेत. आईने घरी चला म्हणून विनवले, तर तिला म्हणाले, "औषध परत न्यायला कुणी येऊ दे तर खरं."

सबब नम्र विनंती की,

(अ) मंजुरीवरील बाबांचे नाव कमी करून तिथे माझे लिहावे.

(आ) ते नियमात बसत नसल्यास औषध संपेपर्यंत माझे वय साठ धरावे. माझी हरकत नाही. त्या वयाची कुठलीही सवलत मी मागणार नाही.

(इ) तेही शक्य नसल्यास माझ्या आजारास साठीपर्यंत थांबण्याबद्दल आपल्या सहीशिक्क्याचे पत्र द्यावे. तो माझे ऐकत नाही. कार्यालयाच्या पत्राला कदाचित बिचकेल.

यांपैकी काहीही करा, पण आजच करा.

आपल्या सहीसाठी खोळंबलेली,
(सही)
मंजूर लाभार्थ्याची आजारी मुलगी

दिनांक : आजचा. कृपया उद्याचा समजू नये.

सोबत :
१) गाठीच्या तपासणीचा अहवाल (माझा).
२) जन्मदाखला (माझा, खाडाखोड नाही).
३) रक्ततपासणीचा उत्तम अहवाल (बाबांचा).
४) वडील. रुग्णालयात, खिडकीजवळच्या खाटेवर. मूळ प्रत असून दुसरी उपलब्ध नाही. पडताळणीनंतर अर्जदारास परत मिळावी.