अप्पांचं अर्धं भाषण

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

सुधाताई,

नमस्कार. अप्पा जेवतात, झोपतात, गोळ्या वेळेवर घेतात. हे आधी लिहिते, कारण काल फोनवर तुम्ही तेवढं सोडून बाकी सगळं विचारलंत. मी तोंड उघडायच्या आत "माझ्या वडिलांची तिकडे हुर्यो उडवली आणि तुम्ही बघत बसलात" असं म्हणून फोन ठेवूनही दिलात. लिहिताना मला कोणी मध्येच तोडू शकत नाही, म्हणून लिहितेय.

हुर्यो उडवली नाही. कशी नाही ते सांगते, पण सुरुवातीपासून. हा आठवडा मी कसा काढला, ते माझ्या सासरच्या कोणाला तरी कळलं पाहिजे.

आमचं हे जर्मनीतलं विद्यापीठ एकोणिसाव्या शतकातलं. त्याच्या वर्धापनाचा हा आठवडा होता. व्याख्यानं, चर्चमध्ये प्रार्थना, वादसभा, असं सगळं. मी त्याच ऑफिसात, त्यामुळे खुर्च्यांपासून कॉफीपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. आणि अप्पांची समजूत अशी, की सुनेनं हा सोहळा त्यांच्यासाठीच भरवलाय.

सोमवारी उद्घाटनाचं व्याख्यान झालं. मोठं सभागृह, मखमली खुर्च्या. अप्पा महापौरांच्या राखीव खुर्चीत जाऊन बसले. शेवटी त्यांनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला. तो ग्रीसमध्ये सुरू झाला आणि पुण्याला पोचायच्या आत अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. घरी येऊन मला विचारतात, "प्रश्न कसा वाटला लोकांना?" मी म्हटलं, "फार आवडला, अप्पा." दुसरं काय म्हणणार? तुम्ही असतात तर "कशाला उठलात?" असं तोंडावर विचारलं असतंत. मी सून आहे, मला ते जमत नाही.

मंगळवारी चर्च. अप्पांनी दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. देवाचं घर म्हटल्यावर चपला बाहेर, हे इतकं पक्कं, की मला सांगायचं सुचलंही नाही. चर्चच्या रखवालदाराला वाटलं कोणीतरी बूट विसरलंय, त्यानं ते उचलून कपाटात ठेवले आणि कुलूप लावून तो जेवायला गेला. दगडी फरशी बर्फासारखी. तो परत येईपर्यंत मी पाहुण्यांना निरोप देत होते आणि माझे सासरे मोज्यांवर उभे राहून बिशपबाईंशी पुनर्जन्मावर बोलत होते. बाई खुशीत होत्या, तेवढंच नशीब.

आता बुधवार.

स्थापनेच्या काळात इथे एक प्रथा होती. वर्षातून एकदा गावातल्या कोणीही जुन्या वर्गात यावं आणि प्राध्यापकांशी वाद घालावा. यंदा आम्ही ती पुन्हा सुरू केली. विषय होता, 'शिक्षकाची गरज उरली आहे का?' अप्पांनी गुपचूप नाव दिलं होतं, तेही आमच्या लेकीमार्फत, कुहूमार्फत! जी कुहू माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, ती चार दिवस आजोबांच्या खोलीत बसून त्यांचं भाषण भाषांतरित करत होती. मला वाटत होतं पत्ते खेळतायत. मला कळलं ते कार्यक्रमाच्या सकाळी. रागावलेच मी. "हो, मम्मा, आता नाव छापलंय," एवढंच जर्मनमध्ये म्हणून ती निघून गेली.

पण ताई, काय सुंदर बोलले हो अप्पा. ते मराठीत एक परिच्छेद म्हणायचे, मग कुहू जर्मनमध्ये. तिसऱ्या परिच्छेदानंतर अख्ख्या वर्गानं मुठी बाकांवर ठोकायला सुरुवात केली. त्या वर्गात जुनी लाकडी बाकं आहेत, घुमला आवाज. इकडे वर्गात टाळ्या वाजवत नाहीत, बाक ठोकतात. चांगलं वाटलं की ठोकायचं. सोमवारी मखमली खुर्च्या होत्या, तिथे टाळ्याच झाल्या, त्यामुळे अप्पांनी हे कधी पाहिलेलंच नव्हतं.

आपल्याकडे बाकं कधी वाजवतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. अप्पांचा चेहरा पांढरा पडला. चष्मा खिशात टाकला, लोकांना नमस्कार केला आणि ते मागच्या दारानं निघून गेले. मी धावले, तर बस स्टॉपवर बसलेले. "पोरीला माझ्यामुळे खाली मान घालावी लागली," म्हणाले. मी परोपरीनं सांगितलं, अहो अप्पा, ती वाहवा होती. त्यावर शांतपणे म्हणतात, "सोमवारीही तू असंच म्हणाली होतीस, विभावरी. अध्यक्षांचं घड्याळ मला दिसलं होतं."

झालं! आता मी काहीही सांगितलं तरी ती सुनेची समजूत. तुमच्या भावानं, क्षितिजनं, लॅपटॉपमधून मान वर न काढता "गेनाऊ, बरोबर, इकडे असंच करतात" म्हटलं. त्याला उत्तर मिळालं, "तू होतास का तिथे?" कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवायला गेले तर अप्पा म्हणाले, तो आवाज मला पुन्हा ऐकवू नकोस. आणि कुहू त्यांच्याशी बोलतच नाहीये. तिच्या मते आजोबा तिला भर सभेत एकटीला टाकून गेले. ती दार लावून बसलीय, हे बॅग काढून बसलेत, आणि मी दोन खोल्यांच्या मध्ये ताटं घेऊन फिरतेय.

अप्पा गेल्यावर काय झालं, ते त्यांनाही माहीत नाही. कुहू तिथेच उभी राहिली आणि उरलेलं भाषण तिनं एकटीनं वाचलं. त्यात ते होतं, ताई. तुम्ही लहान असतानाचं, अप्पा शिकवायचे त्या कॉलेजमधलं. मुलांनी बाकं बडवली, अप्पांनी वर्ग सोडला, दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि जन्मभर विमा कंपनीत फायली लावल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कोणी सांगितलं नव्हतं. क्षितिजलाही धड ठाऊक नव्हतं. कुहूला सांगितलं त्यांनी. शेवटचं वाक्य असं होतं: "मुलं गप्प झाली असती, मीच थांबलो नाही. शिक्षक हवा तो एवढ्यासाठी, की गोंगाटातही त्यानं वाक्य पुरं करावं." हे माझ्या मुलीनं म्हटलं, आणि ज्यांचं हे वाक्य, ते बस स्टॉपवर बसले होते. त्यानंतर बाकं थांबेचनात. मी परत आले तेव्हाही वाजत होती.

परतीचं तिकीट काढ, असं अप्पा क्षितिजला म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. हीटरवर बंड्या नाहीत, पहाटे रेडिओ नाही, रोजच्या भाजीवर शेरे नाहीत. संध्याकाळपर्यंत टिकलं ते सुख. मग कुहूनं दाराआडून मला विचारलं, "आजोबा जेवले?" मराठीत विचारलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला ते जायला नको आहेत. असे तर नकोच.

म्हणून हे सगळं. ते माझं ऐकणार नाहीत, मी फार गोड बोलते. तुम्ही त्यांना उभ्या जन्मात एक गोड शब्द बोलला नाहीत, तेव्हा तुमचंच त्यांना खरं वाटेल. व्हिडिओ सोबत पाठवलाय, शेवटपर्यंत बघा. मग फोन करा आणि नेहमीसारखं झापा त्यांना. सांगा, लोक वाहवा करत होते आणि तुम्ही दुसऱ्यांदा वर्ग सोडलात. पोरगी मात्र उभी राहिली. तिच्या दारावर जा आणि तिची माफी मागा.

क्षितिजला मी तिकीट काढू दिलेलं नाही. एरवी तुमचं नाव फोनवर दिसलं की मी तो क्षितिजच्या हातात देते. उद्या मात्र फोन हातात घेऊनच बसेन.

तुमची,
विभावरी