चिठ्ठीची खालची बाजू

४ ऑगस्ट

चि. बडबड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बांधणीसाठी पाठवलेला शब्दकोश काल परत पोचला. बांधून पाठवला नाहीस, ते एक वेळ चालेल. पण आतली माझी चिठ्ठी तशीच परत आली. मी ग्रंथालयात लागले तेव्हापासून, तीस वर्षांत, हे कधी झालं नव्हतं. मी वर लिहायचं, पुठ्ठा निखळला, शिवण शाबूत. खाली तू टोमणा मारायचास, की बाईंनी पुस्तकं उशाला घेऊन झोपू नये. या वेळी खालची बाजू कोरी. याला मी उद्धटपणा म्हणते.

घशाच्या ऑपरेशनची तारीख अठरा ठरल्याचं कळलं. स्वरयंत्रच काढणार, हे वाईट खरं. पण गाठ वेळेवर सापडली असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा तोंड पाडून बसायचं कारण नाही. मन खंबीर कर. वेळेवर जेव. सकाळी अर्धा तास चाल. तू गप्प झालास तर शेजारी लॉटरी लागल्यासारखे खूश होतील, ही थट्टा आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ आहे, शिस्तही आहे; दोन्ही सोसून घे.
ताई


८ ऑगस्ट

ती. वन्संना
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, नीट घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारचे चार वाजले तरी दाढी नाही, अंघोळ नाही. गिऱ्हाइकांची पुस्तकं न बांधताच परत केली. शिवायच्या सुया डबीत भरून शेजारच्या छापखान्यात देऊन आले. विचारलं तर म्हणाले, आता कोणाला लागणार आहेत. ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला की उद्या म्हणतात. परवा म्हणाले, सकाळी जाग आली नाही तर बरं होईल. तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडलेलं नाही.

सगळे म्हणतात, घाबरलेत. घाबरलेले मी पाहिले आहेत. गाठ सापडली त्या दिवशी घरभर येरझाऱ्या घालत बोलत होते. हे वेगळं आहे. जेवताना ज्यांना गप्प करावं लागायचं, त्यांच्या तोंडून दिवसात चार शब्द निघत नाहीत. आवाज तर अजून आहे हो!

तुमचा त्यांना धाक आहे, म्हणून तुम्हालाच विनवते, रागावू नका.

तुमच्या मायेच्या भरवशावर असलेली,
तुमची भावजय


१० ऑगस्ट

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

मागचं पत्र फाडून टाक. तुझ्या बायकोने मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर डोळे वटारायचे नाहीत.

तुझे मेहुणे गेले त्या वर्षी मी तीन महिने कंबर धरल्याचं सांगत होते. कंबर ठणठणीत होती. केस विंचरायचं बळ नव्हतं. तू हातातलं काम टाकून आलास आणि नऊ दिवस एक उपदेश केला नाहीस. तू, ज्याची टकळी झोपेतही चालते. माझ्या खोलीत बसून कपाटातलं एकेक पुस्तक बांधत राहिलास. दहाव्या दिवशी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलंस आणि बाहेर बाकावर थांबलास. वर्षभर गोळ्या घेतल्या. ही गोष्ट तू बायकोलाही सांगितली नाहीस, हे तिच्या पत्रावरून कळलं. आणि मी तुला चालायला जा म्हणते! हे दुखणं अंगावरून गेलेलं असून ओळखलं नाही, याची लाज वाटते.

हा भित्रेपणा नाही की आळस नाही. घशाला जसा डॉक्टर, तसा यालाही असतो. तुझ्या सर्जनना मी फोन केला. ते म्हणाले, अशा मोठ्या ऑपरेशनआधी पुष्कळ रोग्यांना हे होतं, आधीच कळवायचं होतंत. त्यांच्याच इस्पितळात मनाच्या डॉक्टर आहेत, जाशील त्या दिवशी तुला बघतील. ऑपरेशन आठवडाभर पुढे नेता येईल, त्याहून जास्त नाही.

बुधवारी येते. सही कर म्हणणार नाही. मला बांधणी येत नाही, तेव्हा तुझ्या खोलीत पेपर वाचत बसेन, मनातल्या मनात. वाटेत छापखान्यातून सुयांची डबी घेते. आपली वस्तू आपल्या घरात असावी, एवढ्यासाठीच.

रागाव, पण दार उघड.
ताई


३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घरात कोणी चपला सरळ ठेवत नाही.

गळ्याच्या भोकातून श्वास आता सवयीचा झाला. शिंकही तिथूनच येते आणि बायको दर वेळी दचकते. बोलणं सगळं चिठ्ठ्यांवर. भांडणात तीच जिंकते, कारण माझं लिहून होईपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली असते. गोळ्या चालू आहेत. तुला खोटं सांगत नाही, काही सकाळी अजून उठवत नाही. त्या दिवसांसाठी एक चिठ्ठी लिहूनच ठेवली आहे: आज तसा दिवस. ती उशाशी दिसली की बायको चहा घेऊन येते आणि नुसती बसते.

मी सही का केली, हे तू विचारलं नाहीस. आठवडाभर तू खरंच मनात पेपर वाचलास. ओठ हलायचे, चष्मा घसरायचा. सातव्या दिवशी मी, तू सोबत परत आणलेला शब्दकोश उगाच उघडला. ताई, शिवण पार उसवली होती. मग मनात आलं, तीस वर्षं तू न बघता शाबूत लिहीत आली आहेस आणि मी गुपचूप शिवत आलो आहे. हे मला चिठ्ठीवर नाही, तोंडाने सांगायचं होतं. सांगितलं. तू भडकलीस. घसा दुखेपर्यंत भांडलो आपण, आणि बायको दारात उभी राहून रडत हसत होती. तेवढं बोलून झाल्यावर मी संमतीचा कागद मागितला.

शब्दकोश बांधून पाठवतो आहे, माझ्याच सुईने. आत चिठ्ठी आहे. खालची बाजू मी भरली आहे. वरची कोरी ठेवली आहे. पुढच्या पुस्तकाच्या वेळी आधी उघडून बघ, मग लिही.

मायेत कमी करू नकोस, शिस्तीत केलीस तर चालेल.

तुझा
बडबड्या