टाक्यांची खूण

मित्राचे बाबा,

आपली पोरगी मित्रा, तिच्या हृदयात छेद आहे, ऑपरेशन कराच लागते, असं डॉक्टरनं सांगितलं. तुम्ही पहिले काय विचारलं? "छातीवर टाक्यांची खूण दिसन का? पुढं लग्नात अडचण येईन." अहो, चार वर्षांची आहे ती!

ऑपरेशनच्या सकाळी तुम्ही गाडी लावून येतो म्हणाले, अन् सरळ सक्करदऱ्याले घरी गेले. सही मी एकटीनं केली. पाच तास दाराबाहेर बसली. शेजारच्या अनोळखी बाईनं मले पाणी पाजलं.

आज मित्रानं डोळे उघडले. "बाबा कुठी आहे?" म्हणे. "दवा आणाले गेले," मी खोटं बोलली.

तुमच्यासाठी आता पुन्हा खोटं नाही बोलणार. हे पत्रही फाडून टाकते. हे सारं तुमच्या तोंडावरच सांगाचं आहे.

करुणा