जबल अली स्टॅलियन्सचा सिलेक्शन डायरेक्टर

४ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून मी जबल अली स्टॅलियन्सचा सिलेक्शन डायरेक्टर. लीगच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी (ऑस्ट्रेलियन गृहस्थ, उन्हाने कायम लाल) विचारलं, हे काम कोण घेईल? बाकीचे पालक मोबाइलमध्ये बघत होते. हात फक्त माझा वर. लीडरशिप ती हीच.

खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल. इथे आखातात सगळे फूटी म्हणतात. माझ्या मुलीला, काव्याला, शाळेत याची गोडी लागली आणि मी ड्रायव्हर झालो. अंड्यासारखा चेंडू. लाथेने उडवायचा, नाहीतर मुठीने ठोसायचा. गोल म्हणून चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने गेला की सहा पॉइंट, जरा बाजूने गेला तरी एक. चुकल्याबद्दल पॉइंट! मला तत्त्वतः मान्य नाही.

लीगमध्ये चार टीम, पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली एकत्र. टीम मुलांनी निवडायची नाही. डायरेक्टर लोक आळीपाळीने एकेक मूल उचलतात. याला ड्राफ्ट म्हणतात. म्हणजे थोडक्यात माझं ऑफिसचं काम. जबल अलीच्या वेअरहाउससाठी इतकी वर्षं व्हेंडर निवडतोय. निवड चांगली झाली की पुढे काही करावं लागत नाही.

संकल्प: उद्यापासून जॉगिंग. डायरेक्टर फिट दिसला पाहिजे.

५ ऑक्टोबर

जॉगिंग नाही. हवा दमट.

११ ऑक्टोबर, शनिवार

मुलांच्या चाचण्या झाल्या. उडी, धाव, दम. मी लॅपटॉप घेऊन सावलीत. बाकीचे डायरेक्टर उन्हात उभे राहून मुलांशी गप्पा मारत होते. भावनेत वाहवत जाणारी माणसं.

रेयांश नावाचा मुलगा सापडला. सोळाव्या वर्षी माझ्यापेक्षा हातभर उंच. उडी मारली तेव्हा पट्टी धरणारा माणूस "या अल्ला" म्हणाला. मी एक्सेलमध्ये त्याची ओळ हिरवी केली.

काव्या धावण्यात मागून दुसरी. ओळ आपोआप लाल झाली. फॉर्म्युला माझाच आहे, पण आता तो मी तरी कसा बदलणार?

अल क्वोज ऑरिक्सच्या नौशीन मॅडमनी चाचण्यांचा एक आकडाही टिपला नाही. रत्नागिरीकडच्या, शारजात वाढलेल्या, पेशाने फिजिओथेरपिस्ट. डायरेक्टर त्याच, कोचही त्याच. मुलांना फक्त एकच विचारत होत्या, हरल्यावर घरी जाऊन काय करता? हा काय इंटरव्ह्यू झाला? मी मनातल्या मनात ऑरिक्सला चौथ्या नंबरवर टाकलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी

ड्राफ्ट यशस्वी! चिठ्ठीत पहिला नंबर माझाच आला. उठून, कोटाचं बटण लावून, "रेयांश" म्हणालो. टाळ्या.

शेवटच्या फेरीत दोनच मुलं उरली. एक लांब हातांचा मुलगा आणि काव्या. पाळी माझी. काव्या माझ्याकडे बघत होती, म्हणून मी लॅपटॉपकडे बघितलं. लांब हात घेतले. स्वतःची मुलगी घेतली असती तर लोक काय म्हणाले असते? प्रोफेशनल माणसाला हे करावं लागतं.

काव्या सगळ्यात शेवटी ऑरिक्सकडे गेली. नौशीन मॅडम उठून तिच्या खुर्चीपर्यंत चालत गेल्या आणि तिच्याशी हात मिळवला. जरा नाटकीच.

गाडीत मी काव्याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." चला, तिला पटलं.

मुग्धाला पटलं नाही. बायकोला एक्सेल येत नाही हा यातला मुख्य प्रॉब्लेम. जेवताना तिने फक्त एवढंच विचारलं, तुझ्या आईवडलांनी तुला चाचणी घेऊन ठेवून घेतलं होतं का? प्रश्न गैरलागू होता म्हणून भात वाढून घेतला.

२१ ऑक्टोबर

आमचा कोच झुबेर ऑफिसात आला. मूळ म्हसळ्याचा, मेलबर्नला शिकताना हा खेळ खेळलेला, आता अल क्वोजमध्ये एसीचं वर्कशॉप. म्हणाला, आठवड्यात तीन प्रॅक्टिस लागतील. मी म्हटलं, एक. तो म्हणाला, उल्हासभाई, या पोरांना चेंडू पकडता येत नाही. मी त्याला रेयांशच्या उडीचा आकडा दाखवला. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. इंप्रेस झाला असावा.

"डायरेक्टर" लिहिलेले टी-शर्ट शिवायला टाकले.

१ नोव्हेंबर, शनिवार

पहिली मॅच हरलो.

रेयांशने अप्रतिम उड्या मारल्या. सगळ्यांच्या डोक्यांवर. चेंडू मात्र खालून जात होता. दोनदा त्याच्या तोंडावर आपटला. लांब हातांच्या मुलाने चेंडू दोन्ही हातांनी पकडून समोरच्या टीमच्या मुलीला दिला. मॅनर्स चांगले आहेत.

कारणं: दमट हवा. अंपायर. ग्राउंड पूर्व-पश्चिम आहे, उन्हाची तिरीप.

८ नोव्हेंबर

हरलो. आज ढग होते. पोरांना ढगांची सवय नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काव्याला प्रॅक्टिसहून आणायला अल क्वोजला लवकर गेलो. गाडीतूनच निरीक्षण केलं. शत्रूची माहिती असावी.

गोदामामागच्या वाळूच्या पट्ट्यावर नौशीन मॅडम आणि काव्या. बाकी मुलं गेलेली. मॅडम चेंडू टाकतात, काव्या पकडायला जाते, हातून सुटतो. पुन्हा टाकतात, पुन्हा सुटतो. मॅडम ओरडत नाहीत, हसत नाहीत, जवळ येऊन तिची बोटं फिरवून ठेवतात आणि मागे जातात. मी एसी लावून बघत बसलो. एका लाल ओळीमागे एवढा वेळ! रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंटचा विचारच नाही.

गाडीत बसल्यावर मी काव्याला म्हटलं, बोटं दुखत असतील, सोडून दे हवं तर. तिने कानात इअरफोन घातले. गाणं बहुतेक छान होतं, गालात हसत होती.

१८ नोव्हेंबर

मोठा निर्णय. प्रॉब्लेम कोचिंगचा नाही, सिलेक्शन अजून थोडं कमी पडतंय. रुवैसच्या एका मुलाचा व्हिडिओ मिळाला. काय धाव! एका टीमला माझी तीन मुलं देऊन हा एक घेतला. झुबेरला कळवलं. त्याने उत्तरात फक्त नकाशा पाठवला. रुवैसहून जबल अली, अडीच तास.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रुवैसचा मुलगा आला. एवढ्या लांबून गाडीत झोपून आल्याने पाय आखडले. तिसऱ्या मिनिटाला बाहेर. त्याच्या वडलांची रिफायनरीत शिफ्ट असते, पुढचं सांगता येत नाही म्हणाले. इन्शाल्ला म्हणाले, पण त्यांच्या आवाजावरून मी काय ते ओळखलं.

हरलो. त्यात खेळाडूही कमी पडले. आमची गेलेली तिन्ही मुलं समोरून खेळत होती, बरी खेळत होती. म्हणजे बघा, माझी मूळ निवड बरोबरच होती.

९ डिसेंबर, मंगळवार

झुबेरने कोचिंग सोडलं. मी शांतपणे विचारलं, का? एरवी मराठीत बोलतो, आज हिंदीत गेला. "उल्हासभाई, मैं कोच हूँ, शोरूम का वॉचमन नहीं." टीमचा टी-शर्ट परत करून गेला. घडी नीट घातली होती.

संध्याकाळी रेयांशच्या वडलांचा फोन. मुलगा खेळ सोडायचं म्हणतोय. मॅचच्या आदल्या दिवशी जेवत नाही. चेंडू अंगावर आला की डोळे मिटतात, लोक हसतात, आणि उंच असल्यामुळे लपताही येत नाही. मी म्हटलं, तुमचा मुलगा नंबर वन पिक आहे. ते म्हणाले, तेच तर त्याला सहन होत नाहीये.

फोन ठेवल्यावर चहा घेतला. मग दुसरा घेतला. जॉगिंगला सोमवारपासून.

१७ डिसेंबर, बुधवार

धक्कादायक. काव्याला आणायला गेलो तर वाळूच्या पट्ट्यावर रेयांश! माझा रेयांश, ऑरिक्सच्या कोचकडे! त्याला तिथे नेलं काव्याने. कडेला झुबेर चेंडू गोळा करत होता.

मी गाडीतून उतरलो. नौशीन मॅडमना म्हटलं, हा दुसऱ्या टीमचा खेळाडू आहे. त्या म्हणाल्या, "उल्हासभाई, तो घाबरलाय. आधी भीती तर जाऊ दे, टीमचं मग बघू." मी म्हटलं, तो तुमच्याविरुद्धच खेळणार आहे. त्या म्हणाल्या, मग मजा येईल ना.

नियमावली काढली. याविरुद्ध नियम नाही. लीगला कडक मेल लिहिली. पाठवली नाही, इंटरनेट स्लो होतं.

२४ जानेवारी, शनिवार

शेवटची मॅच. स्टॅलियन्स विरुद्ध ऑरिक्स. आम्ही चौथे, ते दुसरे. कोच नसल्याने कोचही मीच. पोरांना सांगितलं, तुम्ही बेस्ट आहात, आकडे माझ्याकडे आहेत. पोरं माझ्यामागे बघत होती. मागे ऑरिक्सची पोरं खिदळत पळत होती.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये उंच चेंडू आला. रेयांश उडाला. डोळे उघडे. दोन्ही हातांत चेंडू. त्याचा अख्ख्या सीझनमधला पहिला! आमच्या पोरांनी त्याच्या अंगावर उड्या घेतल्या. ऑरिक्सच्या बाजूने काव्या ओरडत होती, "येस, रेयांश!" आपल्याच टीमच्या विरुद्ध. लाज नाही.

मग काव्याकडे चेंडू आला. तिच्यापेक्षा वेगवान तिघं मागे. ती पळालीच नाही. एक पाऊल आत घेतलं, तिघं पुढे निघून गेली, तिने मान वर करून बघितलं आणि लाथ मारली. मधल्या खांबांतून. सहा पॉइंट.

मी उभा होतो. दोन्ही हात वर होते. "डायरेक्टर" लिहिलेला टी-शर्ट घालून मी विरुद्ध टीमच्या गोलला ओरडत होतो, हे मुग्धाने नंतर मोबाइलवर दाखवलं तेव्हा कळलं.

हरलो. दणकून.

२८ जानेवारी

लीगची मीटिंग. पुढच्या वर्षीपासून ड्राफ्ट बंद. जो जिथे राहतो तिथल्या टीममध्ये खेळेल. डायरेक्टर हे पदच नाही. अध्यक्षांनी माझे आभार मानले आणि माझं नाव "यूलास" असं घेतलं.

रमजानच्या आधी मस्कतला स्पर्धा आहे. लीगच्या एकत्र टीममध्ये काव्या आहे, रेयांश आहे. कोच नौशीन मॅडम, सोबत झुबेर.

रात्री जेवताना मी मुद्दा मांडला. काव्याला मी घेतली असती तर तिला एवढं शिकायला मिळालं असतं का? म्हणजे एका अर्थाने ही माझीच दूरदृष्टी. मुग्धाने भाकरी वाढली आणि स्वतःच्या ताटाकडे वळली. काव्याने मात्र ताटातून मान वर केली. म्हणाली, "बाबा, आय काउंटेड ऑन यू दॅट डे." आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही.

भाकरी गार झाली.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

काल काव्याने विचारलं, प्रॅक्टिसला येणार का? गाडीत नाही, आत. तिने विचारलं यातच सगळं आलं. गेलो.

नौशीन मॅडमनी चेंडू माझ्या हातात दिला. लक्षात आलं की अख्ख्या सीझनमध्ये मी याला हात लावला नव्हता. जड असतो. पकडायचा कुठे तेच समजेना.

रेयांश, झुबेर, सगळे बघत होते. मी लाथ मारली. चेंडू डाव्या खांद्यावरून मागे, पार्किंगमध्ये. बूट पुढे.

मी म्हटलं, वारा आहे.

काव्या म्हणाली, "देअर इज नो विंड, बाबा." आणि बूट आणायला पळाली.

वारा नव्हता.